वन सेव्हंटीच्या हद्दीतलं घर

आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरच्या बाजारपेठेत मराठी बोलणारी माणसं पावलोपावली भेटतात. कुणाचे आजोबा किनवटहून आलेले, कुणाचे पुसद-उमरखेडकडून, कुणाचे राजुऱ्याहून. दुकानाची पाटी तेलुगूत असते, गिऱ्हाइकाशी बोलणं गोंडी, मराठी आणि तेलुगू यांच्या मिश्रणात चालतं, आणि घरात मराठी. ग्रामपंचायत त्यांच्याकडून घरपट्टी घेते, विजेचं मीटर त्यांच्या नावावर असतं, मतदार यादीत नाव असतं, मुलं तिथल्याच शाळेत शिकलेली असतात. पण ज्या घरात तीन पिढ्या गेल्या त्या घराचं खरेदीखत बहुतेकांकडे नसतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन ते करून घ्यावं म्हटलं तर तिथं नोंदणीच होत नाही. विकणारा राजी, घेणारा राजी, पैसेही रोख दिलेले, तरी कायद्याच्या लेखी तो व्यवहार झालेलाच नाही.

या कायद्याला आदिलाबाद जिल्ह्यात सगळे ‘वन सेव्हंटी’ म्हणतात. मूळ विनियम १९५९ चा पहिला, त्यात मोठी दुरुस्ती करणारा १९७० चा पहिला, म्हणून एक-सत्तर. शेतजमिनीचा कायदा म्हणूनच तो ओळखला जातो आणि त्याच्यावरची बहुतेक चर्चाही शेतीभोवतीच फिरते. पण त्याच्या शब्दांत ‘स्थावर मालमत्ता’ आहे, आणि स्थावर मालमत्तेत दुकानाचा गाळा येतो, राहतं घर येतं, बसस्थानकामागचा तीस बाय चाळीसचा प्लॉटही येतो. अनुसूचित क्षेत्रात गावं वाढून शहरं होऊ लागली तेव्हा हा कायदा शेतातून गल्लीत आला. या प्रकरणात आपण त्या गल्लीत उभं राहून त्याच्याकडे पाहणार आहोत.

आधी तो नेमकं काय म्हणतो ते पाहू. १९५९ चा विनियम आंध्र भागासाठी होता. १ डिसेंबर १९६३ पासून तो तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्रांना लागू झाला. तेव्हा बंदी होती ती आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर. ३ फेब्रुवारी १९७० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी की एजन्सी, म्हणजेच अनुसूचित क्षेत्रातली स्थावर मालमत्ता कुणीही, आदिवासी असो वा नसो, आदिवासीखेरीज दुसऱ्या कुणालाही देऊ शकत नाही. अपवाद फक्त संपूर्णपणे आदिवासी सभासदांच्या सहकारी संस्थेचा. म्हणजे दोन बिगर-आदिवासींमधला आपसातला व्यवहारही बंद. दुसरी गोष्ट त्याहून कडक. बिगर-आदिवासीच्या ताब्यात जी जमीन आहे ती मुळात त्याला आदिवासीकडूनच मिळाली, असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ताबा असणाऱ्यावर.

विक्री करायची झाली आणि आदिवासी खरेदीदार मिळाला नाही तर मालमत्ता सरकारला सोडता येते, सरकार त्याची ठरलेली भरपाई देतं. ‘हस्तांतरण’ या शब्दाची व्याख्याही सर्व बाजूंनी बांधलेली आहे. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा आणि मालमत्तेसंबंधीचा करारसुद्धा त्यात येतो. मृत्युपत्र तेवढं बाहेर ठेवलं आहे. १९७१ मध्ये बँका आणि सहकारी संस्थांकडे ताबा न देता गहाण ठेवायला वाट करून दिली, आणि १९७८ मध्ये अशा व्यवहारांची नोंदणीच रोखून शिक्षेची तरतूद घातली.

असं असूनही व्यवहार थांबले नाहीत, ते सादा बैनाम्यावर चालू राहिले. तेलंगणात हा शब्द पोराटोरांनाही ठाऊक आहे. एक स्टॅम्प पेपर, कधी तोही नाही, नुसता वहीचा फाडलेला कागद. वर तारीख, खाली विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, मग चतुःसीमा: पूर्वेला अमक्याची भिंत, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला मोकळी जागा, दक्षिणेला नाली. रक्कम अक्षरी. शेवटी दोन-तीन पंचांच्या सह्या, एखादा निळा अंगठा. हा कागद घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात साड्यांच्या खाली वर्षानुवर्षं जपला जातो. तेलंगणात इतरत्र सरकारने असे कागद नियमित करून देण्याच्या योजना आणल्या. अनुसूचित क्षेत्रात त्या कागदाच्या मागचा व्यवहारच निषिद्ध असल्याने नियमित करण्यासारखं काही उरतच नाही. मालकाला बँकेचं घरकर्ज मिळत नाही. भावाभावांत भांडण झालं तर दिवाणी न्यायालयात तो कागद टिकत नाही. शेजाऱ्याने हात-दीड हात जागा दाबली तरी दाद मागायला जाणारा आधी स्वतःच्याच ताब्याबद्दलच्या प्रश्नाला घाबरतो.

अशा माणसाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण त्याच्या अडचणीवरून ‘वन सेव्हंटी अन्यायकारक आहे, रद्द करा’ असा जो निष्कर्ष बाजारात आणि अधूनमधून विधानसभेच्या वाटेवर ऐकू येतो, तो मला मान्य नाही. हा कायदा कुठल्या जखमेवर बांधला गेला हे पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये.

निजामाच्या काळात आदिलाबादचे गोंड आणि कोलाम जी जमीन कसत होते ती बरीचशी सिवाय जमाबंदीची होती. म्हणजे पीक घेत, सरकारला धारा भरत, पण पट्टा नावावर नसे. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा वस्त्याच्या वस्त्या उठवण्यात आल्या, आणि जी जमीन जंगलाबाहेर उरली तिच्यावर बाहेरून आलेल्या, कागदपत्र जाणणाऱ्या लोकांनी पट्टे करून घेतले. जल-जंगल-जमिनीसाठी लढणारे कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारले गेले ते याच संघर्षात. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करायला पाठवलं. ते मार्लवाईत राहिले, तिथं गोंडी शाळा सुरू झाली आणि तिची पुस्तकं देवनागरी लिपीतल्या गोंडीत छापली गेली, कारण या मुलखात मराठीची लिपी आधीच ओळखीची होती.

याच कामात एक मराठी नाव आहे, जे महाराष्ट्रात वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे: सेतुमाधवराव पगडी. फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उलगडणारे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासींमध्ये काम केलं, गोंडी आणि कोलामी शिकून दोन्हींची व्याकरणं लिहिली. १९४० च्या दशकात या जिल्ह्यात दीड लाख एकरांच्या आसपास जमीन आदिवासींच्या नावावर करण्यात आली. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत मेस्राम कुळाच्या पूजेनंतर भरणारा दरबार, जिथं आजही जिल्हाधिकारी समोर बसून गाऱ्हाणी ऐकतात, त्याच दशकातला. त्या दरबारात येणाऱ्या अर्जांत जमिनीचा अर्ज नाही असं क्वचितच होतं.

पट्टे दिले, पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते हातातून निसटले. रस्ते झाले, कापूस आला, बाजार आला. बाहेरून शेतकरी आले, सावकार आले. त्यात आपली मराठी माणसंही होती, हे आपण स्वच्छपणे मान्य करायला हवं. कर्जापोटी, खोट्या भागीदारीपोटी, कधी दारूच्या उधारीपोटी जमिनी गेल्या. १९६३ ची बंदी आली तरी ‘ही जमीन मी आदिवासीकडून घेतलीच नाही, दुसऱ्या बिगर-आदिवासीकडून घेतली’ ही पळवाट मोकळी होती. १९७० ची दुरुस्ती ती पळवाट बुजवण्यासाठी आली, म्हणूनच ती इतकी सरसकट आहे.

तरीही अंमलबजावणी रखडली. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा तेरा सांगितला, नागरी हक्क संघटनांच्या मते तो त्याच्या कितीतरी पट होता. आदिलाबादहून गुडीहत्नूरमार्गे उटनूरला जाताना इंद्रवेल्लीत हुतात्म्यांचा स्तंभ दिसतो. त्या स्तंभावरून पुढं जाऊन उटनूरच्या बाजारात ‘इथं जमिनीला भाव का येत नाही’ अशी चर्चा ऐकताना मला नेहमी अवघड होतं.

कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. पी. रामी रेड्डी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये १९७० ची दुरुस्ती वैध ठरवली, दोन बिगर-आदिवासींमधल्या व्यवहारावरची बंदीसुद्धा. तिचा कायदेशीर पाया संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारे विनियम राज्यपालांना आदिवासी सल्लागार परिषदेशी विचारविनिमय करून आणि राष्ट्रपतींच्या संमतीने करता येतात. विधानसभेत साधं विधेयक आणून हा विनियम उडवता येईल असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं बरं. १९९७ च्या समता निकालाने आणखी पुढं जाऊन सांगितलं की सरकारही या कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’च आहे. अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीन खासगी कंपनीला खाणीसाठी देणंही निषिद्ध.

आता हद्दीच्या अलीकडे या. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले, किनवट नांदेडला राहिला आणि राजुरा १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. म्हणजे किनवटचा गोंड आणि उटनूरचा गोंड एकाच जिल्ह्याचे होते, एकाच नागोबाला जाणारे. पण जमिनीचा कायदा दोघांसाठी निराळा झाला. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आहे. त्यात संरक्षण माणसाला आहे, क्षेत्राला नाही. आदिवासी खातेदार राज्यात कुठंही असो, त्याची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पुरते, विक्रीसारख्या व्यवहाराला राज्य सरकारची पूर्वसंमती लागते. शिवाय १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याची सोय केली, आणि लिंगप्पा पोचन्ना अपेलवार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. पण किनवटमध्ये दोन बिगर-आदिवासींनी आपसात प्लॉट विकला तर कायद्याची हरकत नाही. उटनूरमध्ये आहे. मुदखेड-आदिलाबाद गाडीत बसून किनवटहून पुढं गेलेला मराठी माणूस या फरकाची कल्पना नसताना एजन्सीत पैसे अडकवतो, तो इथंच.

याचा अर्थ आदिलाबाद शहरात घर घेता येत नाही असा नव्हे. आदिलाबाद शहर अनुसूचित क्षेत्राबाहेर आहे, तिथं नगरपालिका आहे, निवडणुका होतात, खरेदीखतं नोंदली जातात. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात जुन्या उटनूर तालुक्याची सगळी गावं होती, तर आदिलाबाद, आसिफाबाद, बोथ यांसारख्या तालुक्यांमधली ठरावीक गावं नाव घेऊन घातली होती. त्यामुळे एकाच रस्त्यावरचं एक गाव एजन्सीत आणि पुढचं बाहेर असं घडतं. प्लॉटच्या दलालाच्या तोंडून ‘इथं वन सेव्हंटी नाही’ हे ऐकून समाधान मानू नये. गावाचं नाव आदेशातल्या यादीत आहे का हे पाहावं, मंडलाच्या तहसील कार्यालयात लेखी विचारावं, आणि १९५४-५५ च्या खासरा पाहणीचा उतारा मागावा. तेलंगणातल्या जमिनीच्या बहुतेक वादांत शेवटी तीच पाहणी समोर येते. बिगर-आदिवासीला आपला ताबा कायदेशीर असल्याचं दाखवायचं असेल तर त्यालाही त्या काळापर्यंत मागं जाऊन कागद जुळवावे लागतात. १९६३ नंतरच्या, आदिवासीकडून झालेल्या कुठल्याही खरेदीवर घर उभं राहत नाही.

आता पुन्हा उटनूरच्या गल्लीत येऊ, कारण माझ्या मते या कायद्याचा सर्वांत कमी बोलला गेलेला पेच तिथं आहे. तो पेच व्यापाऱ्याचा नाही, आदिवासी जागामालकाचा आहे. समजा, बसस्थानकाजवळ एका गोंड कुटुंबाचा वडिलोपार्जित प्लॉट आहे. त्यांनी चार गाळे बांधले. गाळ्यांना मागणी आहे, आणि भाडेकरू बहुतेक बिगर-आदिवासीच मिळणार. पण भाडेपट्टा हेही हस्तांतरण. म्हणून लेखी करार नाही. भाडेकरू पागडीसारखी मोठी रक्कम आधीच देतो, मालक ती मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला वापरतो. काही वर्षांनी भाडं वाढवायचं म्हटलं की भाडेकरू म्हणतो, माझे पैसे परत कर. मालकाकडे पैसे नसतात, करार नसतो, आणि कुठं तक्रार करावी तर आपणही बेकायदा व्यवहारात सामील असल्याची भीती. हळूहळू गाळा भाडेकरूचाच होतो. कधी तो एखाद्या आदिवासी ओळखीच्याच्या नावावर केला जातो, कधी आदिवासी पत्नीच्या नावावर. आदिवासीची जमीन राखण्यासाठी आणलेला कायदा शहरात आदिवासीलाच त्याच्या जागेचं उत्पन्न कायदेशीरपणे घेऊ देत नाही, आणि त्या बेकायदेशीरपणातूनच जागाही जाते.

या जागी मला महाराष्ट्राच्या कलमातली ती पाच वर्षांची मर्यादा विचार करण्याजोगी वाटते. मालकी आदिवासीचीच, पण फक्त बांधलेल्या गाळ्यांसाठी आणि घरांसाठी, अल्प मुदतीचा, नोंदणीकृत, ग्रामसभेच्या संमतीने आणि उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या मंजुरीने होणारा भाडेकरार. पागडीला बंदी, भाडं बँक खात्यात, मुदत संपली की जागा रिकामी. शेतजमिनीला हे अजिबात लागू करू नये. शेतजमिनीचा भाडेपट्टा या मुलखात जमीन हडपण्याचं जुनं हत्यार होता आणि ते पुन्हा कुणाच्या हातात देण्याची गरज नाही.

आदिवासी संघटना अशा सूचनेकडे संशयाने पाहतील, आणि त्यांचा संशय रास्त आहे. २०२५ च्या सुरुवातीला आंध्र प्रदेश विधानसभेच्या अध्यक्षांनी पर्यटनाला चालना देण्यासाठी वन सेव्हंटी सैल करावा असं बोलून दाखवलं. फेब्रुवारीत विशाखापट्टणमच्या एजन्सी भागात बंद पाळला गेला आणि कायद्याला हात लावणार नाही असं मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं. ‘थोडीशी सूट’ म्हणून उघडलेल्या फटीतून आजवर काय आत आलं हे ज्यांनी भोगलं, त्यांच्याकडून विश्वासाची अपेक्षा करताना आधी विश्वास बसेल असं काही करून दाखवावं लागतं. आंध्र प्रदेश अखंड असताना सरकारी आकडेवारीच सांगत होती की अनुसूचित क्षेत्रातली निम्म्याच्या आसपास जमीन बिगर-आदिवासींच्या ताब्यात आहे. त्यातल्या ज्या जमिनींचे निकाल आदिवासींच्या बाजूने लागले, त्यांचा प्रत्यक्ष ताबा आधी द्यायला हवा. भाड्याच्या सवलतीची चर्चा त्यानंतरची.

शहराचा दुसरा प्रश्न मताचा आहे. मंदमर्री हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींचं गाव, अविभाजित आदिलाबाद जिल्ह्यातलं, २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बावन्न हजारांवर. नगरपालिका आहे, आयुक्त आहे, कर आहे, पण दोन दशकांहून जास्त काळ निवडून आलेले नगरसेवक नाहीत. २०२० मध्ये तेलंगणातल्या बहुतेक नगरपालिकांची निवडणूक झाली तेव्हाही मंदमर्री, पाल्वंचा आणि मणुगुरू वगळावी लागली. कारण अनुसूचित क्षेत्र.

हे कसं घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आणि ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान दिलं. दोन्ही दुरुस्त्यांत एक अट होती: हे भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होणार नाहीत, संसदेने वेगळा कायदा करून, आवश्यक ते फेरफार करून ते लागू करावेत. खेड्यांसाठी दिलीपसिंग भुरिया समितीच्या अहवालावरून डिसेंबर १९९६ मध्ये पेसा कायदा झाला. त्यातून ग्रामसभेला जमिनीचं हस्तांतरण रोखण्याचे अधिकार मिळाले आणि अध्यक्षपदं आदिवासींसाठी राखीव झाली. शहरांसाठीही भुरिया समितीने अहवाल दिला होता. त्यावरचं विधेयक ३० जुलै २००१ रोजी राज्यसभेत मांडलं गेलं, ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि विधेयक तिथंच राहिलं. अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी अजून संसदेचा कायदाच नाही.

मग महाराष्ट्रात जव्हारची नगरपरिषद कशी चालते? जव्हार तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात, आणि तिथली नगरपरिषद संस्थानकाळापासूनची, निवडणुकाही होतात. झारखंडमध्ये रांचीसारखी राजधानी अनुसूचित क्षेत्रात असून तिथं महापालिका निवडली जाते. त्या राज्यांनी असं धरलं की संविधानाचा नगरपालिकांचा भाग लागू नसला तरी राज्याचा स्वतःचा नगरपालिका कायदा लागू राहतो. तेलंगणात मात्र मंदमर्रीत प्रशासक आले आणि राहिले. एकाच संविधानाखाली जव्हारकर नगराध्यक्ष निवडतो आणि मंदमर्रीचा खाणकामगार गटार तुंबलं तर विशेष अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन जातो.

उटनूरची अडचण निराळी आहे. ती ग्रामपंचायतच आहे, त्यामुळे तिथं पेसा लागू आहे आणि सरपंच आदिवासीच असतो. बाजारातल्या बिगर-आदिवासी रहिवाशांची याबद्दल कुरकुर असते. मला सरपंचपद राखीव असणं योग्यच वाटतं. गावाची जमीन ज्यांची होती त्यांच्या हातात गावाच्या जमिनीचा शब्द असावा. पण शहराएवढ्या वस्तीचा कचरा, पाणी, बांधकाम परवाने ग्रामपंचायतीच्या तोकड्या मनुष्यबळावर चालत नाहीत. आणि नगरपालिका करावी तर पेसाने दिलेली ग्रामसभा जाते आणि निवडणूकही होत नाही, मंदमर्रीसारखी. म्हणून आदिवासी संघटना अशा गावांच्या नगरपालिकेला विरोध करतात. रहिवासी आणि आदिवासी एकमेकांसमोर उभे राहतात, ते संसदेने अर्धवट सोडलेल्या एका कामामुळे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक, आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्रातून येतो. कायदा ‘आदिवासी’ला जमीन घेऊ देतो, पण अनुसूचित जमातींच्या यादीत कोण आहे हे राज्यागणिक ठरतं. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातले लंबाडे अनुसूचित जमातीत आले. यवतमाळ-नांदेडचा बंजारा, त्यांचाच सोयरा, महाराष्ट्रात विमुक्त जातीत राहिला. परिणाम असा झाला की वन सेव्हंटीची भिंत लंबाड्यांसाठी उरली नाही. एजन्सीत जमीन, घर, दुकान ते कायदेशीरपणे घेऊ शकतात. गोंड-कोलामांचं म्हणणं असं की बाहेरून आलेल्या तांड्यांनी आमची जमीन आणि आमच्या नोकऱ्या घेतल्या, तर लंबाड्यांचं म्हणणं असं की आम्ही पिढ्यानपिढ्या इथलेच. २०१७ च्या अखेरीस तुडुम देब्बा या आदिवासी संघटनेच्या आंदोलनात हा वाद इतका पेटला की उटनूर भागात हिंसाचार झाला आणि आदिवासी गावांनी लंबाडा शिक्षकांना शाळेत येऊ द्यायला नकार दिला.

इथं कायद्याचं एक सूत्र आहे, ज्याची आठवण दोन्ही बाजूंना करून दिली पाहिजे. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशावरून गेलेल्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं की एका राज्यातला जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात बरोबर नेता येत नाही. त्या खटल्यातला विद्यार्थी आंध्रचा होता आणि त्याला महाराष्ट्रात तो दर्जा मिळाला नाही. त्याच न्यायाने महाराष्ट्रातून अलीकडे तेलंगणात आलेल्या बंजारा कुटुंबाला तिथल्या लंबाड्यांचा दर्जा आपोआप मिळत नाही. जातीचा दाखला तपासण्याची जबाबदारी महसूल खात्याची आहे. ती पार पडली असती तर तांड्यावर राहणाऱ्या प्रत्येकाकडे ‘घुसखोर’ म्हणून बोट दाखवलं गेलं नसतं, आणि जे खरोखर पिढीजात इथले त्यांना दाखल्याची लाज वाटायचं कारण उरलं नसतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणा विधानसभेने आणखी काही समाजांना अनुसूचित जमातीत घ्यावं असा ठराव केला, त्यात अविभाजित आदिलाबादमधला मराठी बोलणारा माळी समाज आहे. माळ्यांच्या मागासलेपणाबद्दल वाद नाही. पण एजन्सीत या यादीत येणं म्हणजे नोकरी-शिक्षणातल्या सवलतीएवढंच नसतं, ती जमीन विकत घेण्याची किल्ली असते. केंद्राने अशा ठरावावर निर्णय घेताना सवलती आणि जमिनीचा हक्क यांचा विचार वेगळा करावा, आणि उटनूर-जैनूरच्या ग्रामसभांना त्याआधी विचारावं. आजवर कुठल्याही सरकारने त्यांना विचारून यादी बदललेली नाही.

ज्यांच्या कपाटात सादा बैनामा आहे त्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. १९६३ पूर्वी कायदेशीरपणे आलेल्यांचे कागद उटनूरच्या विशेष उपजिल्हाधिकाऱ्यांसमोर एकदाच, मुदत घालून तपासून त्यांना मोकळं करावं. नंतर आलेल्या गरीब रहिवाशांना, ज्यांचं दुसरं घर कुठंही नाही, जागेची मालकी न देता राहण्याचा परवाना द्यावा, आदिवासी मालकाला त्याचं भाडं मिळेल अशा अटीवर. ज्यांनी एकामागून एक गाळे आणि तीन-तीन मजली इमारती दुसऱ्याच्या नावावर उभ्या केल्या त्यांना यात जागा असू नये. विनियमातल्या शिक्षेची तरतूद १९७८ पासून त्यांच्यासाठीच लिहिलेली आहे.